‘पीएस मारून बघ’

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले लॅबमध्ये संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. ती शोधायचं काम क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाच्या गळ्यात पडलं आणि तिच्यामागे एक घुसखोर निघाला. पुढची हेरकथा पुष्कळांनी वाचलेली असते. अ‍ॅडमिन मंडळींना मात्र त्यातली घुसखोराने टाइप केलेली एक कमांड जास्त आवडते: पीएस -ईएएफजी.

पीएस म्हणजे त्या क्षणी मशीनवर काय काय चालू आहे याची यादी. कुठली प्रोसेस, तिचा नंबर म्हणजे पीआयडी, मालक कोण, सीपीयू किती खाल्ला. घुसखोराला बघायचं होतं, आपल्यावर कुणाची पाळत तर नाही ना. यादीत तसं काही नव्हतं, असणारही नव्हतं. स्टॉलने प्रिंटर थेट बाहेरून येणाऱ्या लाइनींना जोडले होते. पाळत मशीनच्या बाहेर बसली होती, तिला पीआयडीच नव्हता.

उलट त्या कमांडनेच त्याचा माग दिला. लॅबमधले युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे जाणकार डेव्ह क्लीव्हलँड यांची नजर ‘एफ’वर अडली. बर्कलेच्या युनिक्सवर हात बसलेला माणूस ते अक्षर लावत नाही. ती एटी अँड टीच्या युनिक्सची सवय. बोलीवरून गाव ओळखावं तसं झालं: हा गडी इथला नव्हे. शेवटी तो सापडला जर्मनीत, हानोव्हरला.

ही दोन घराणी अजून नांदताहेत. ‘पीएस एयूएक्स’ बर्कलेचं, बिनडॅशचं. ‘पीएस -ईएफ’ एटी अँड टीचं. सवयीने ‘-एयूएक्स’ लिहिलं, तर नियमाने त्याचा अर्थ ‘एक्स नावाच्या युजरच्या प्रोसेस दाखव’ असा होतो. तसा युजर नसला की लिनक्सचा पीएस चूक पोटात घालतो. म्हणून तर ही सवय कुणाची सुटत नाही.

पण यादीतलं नाव खरं कशावरून? प्रोसेस स्वतःचं नाव चालू असतानाच बदलू शकते. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री रॉबर्ट मॉरिसचा वर्म इंटरनेटवर सुटला, तेव्हा पीएसमध्ये तो ‘एसएच’ या साध्या शेलच्या नावाने वावरत होता. अधूनमधून तो स्वतःची नवी प्रत काढून जुनी संपवायचा. पीआयडी बदलायचा आणि खाल्लेल्या सीपीयूचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा. वेषांतर उत्तम होतं, गर्दीने घात केला. एकाच मशीनवर वर्मच्या इतक्या प्रती जमल्या की युटा विद्यापीठातल्या एका मशीनच्या ताणाचा आकडा, म्हणजे लोड अ‍ॅव्हरेज रात्री दहाच्या सुमारास १६ वर गेला आणि पाच मिनिटांत नवी प्रोसेस सुरूच होईना. पीएस हीसुद्धा एक प्रोसेसच. अशा वेळी तीही उठत नाही.

जुना पीएस प्रोसेसची माहिती थेट कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीत हात घालून काढायचा. १९८४ मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियनने प्रत्येक प्रोसेस फाइलसारखी मांडली, ‘प्रॉक’ नावाच्या डिरेक्टरीत. लिनक्सने ती कल्पना आणखी ताणली: तिथे प्रत्येक पीआयडीचं स्वतंत्र फोल्डर असतं. नाव खोटं असलं तरी त्यातली ‘एक्झी’ ही लिंक मूळ फाइलकडे बोट दाखवते.

आजचे चोरून क्रिप्टो नाणी काढणारे प्रोग्रॅम ‘केवर्कर’ असं चौकोनी कंसातलं, कर्नलच्या थ्रेडचं नाव लावून बसतात. खऱ्या कर्नल थ्रेडची ‘एक्झी’ कुठेच जात नाही आणि त्याच्या पालकाचा पीआयडी असतो २. तोतयाची लिंक बहुधा टेंप फोल्डरातल्या एखाद्या फाइलकडे जाते, पुढे ‘डिलीटेड’ असा शेरा. तरी लगेच किल मारू नये. प्रोसेस जिवंत आहे तोवर ती पुसलेली फाइल त्याच लिंकवरून कॉपी करून घेता येते. मारल्यावर पुरावाही गेला.