हेतुपत्रात आपला वर्ग दिसू द्या
(इंग्रजी शिकवायला शिकताना : लेखांक ५)

मागच्या आठवड्यात हैदराबादच्या इफ्लूची माहिती घेतली. १९५८ साली ‘सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश’ या नावानं सुरू झालेली ही संस्था २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली. तिथे सगळी भिस्त प्रवेश परीक्षेवर असते. इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठात इंग्रजी अध्यापनाच्या एम.ए.ला अर्ज करायचा, तर गाडी वेगळ्याच ठिकाणी अडते. गुणपत्रिका असतात, दाखले मिळतात, फीची तजवीज कशीबशी होते. अडतं ते स्टेटमेंट ऑफ पर्पजवर. पोरं त्याला एसओपी म्हणतात, आपण हेतुपत्र म्हणू.

बुलढाणा, खामगाव, चिखलीकडून तपासायला येणाऱ्या दहातल्या नऊ हेतुपत्रांची सुरुवात एकाच वाक्यानं होते : ‘लहानपणापासून मला इंग्रजीची आवड आहे.’ पुढे शेक्सपिअर, मग इंग्रजी ही जगाची भाषा कशी आहे, आणि शेवटी ‘आपल्या नामांकित विद्यापीठात’ शिकण्याची मनीषा. हा मजकूर चुकीचा नाही, पण तो कुणाचाही असू शकतो. अमरावती विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. झालेल्यांचा बहुतेक अभ्यास साहित्याचा असतो, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांना मात्र वेगळं हवं असतं. तुम्ही कुणाला शिकवलंत, ती मुलं कुठे अडली, तुम्ही काय करून पाहिलंत आणि अजून काय कळत नाही, एवढंच ते शोधत असतात. शेक्सपिअर त्यांच्याकडे भरपूर आहे.

आणि शिकवण्याचा अनुभव म्हणाल, तर आपल्या जिल्ह्यासारखा वर्ग शोधून सापडणार नाही. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी या गावांच्या परिसरात निहाली बोलणारी माणसं राहतात. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ही भाषा नक्की बसत नाही. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातही तिच्यावर काम झालं आहे. बोलणारे उरलेत दोन-अडीच हजार. तिथलं पोर घरी निहाली ऐकतं, शेजारी कोरकू, बाजारात मराठी-हिंदी, आणि शाळेत गेल्यावर पहिलीपासून इंग्रजी. घाट चढून मेहकर-लोणारकडे आलं, तर तांड्यावरचं मूल गोरमाटी बोलत वर्गात शिरतं. अशा वर्गाला शिकवणाऱ्याला ‘माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे?’ असं वाटावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पहिलीपासून इंग्रजी हेही जुनं नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात हा निर्णय झाला. त्याआधी पाचवीपर्यंत वाट पाहावी लागे. निर्णय एका दिवसात झाला. तो अमलात आणायचा होता जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना. त्यातले कित्येक जण स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी शिकलेले, पाठांतरावर आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले. हा संदर्भ दोन ओळींत हेतुपत्रात आला, की परदेशातल्या वाचणाऱ्याला तुमचा वर्ग समजतो. नाहीतर त्याच्यापुढे ‘रुरल इंडिया’ एवढंच धूसर चित्र राहतं.

आता एक वाक्य जवळून पाहू. सातवीतला मुलगा चित्राकडे बोट दाखवून विचारतो, ‘व्हॉट ही इज डूइंग?’ मास्तर फळ्यावर ‘व्हॉट इज ही डूइंग?’ लिहितात, दहा वेळा लिहायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी पोरगं पुन्हा तेच म्हणतं. का? मराठीत ‘तो खेळतोय’ आणि ‘तो काय करतोय?’ यांची रचना तशीच राहते. प्रश्नासाठी क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढे ठेवावं लागत नाही. इंग्रजीत ठेवावं लागतं. त्यातून ‘माय फादर इज फार्मर’ असं लिहिणाऱ्या पोराच्या मराठीत ‘अ’ आणि ‘द’ला जोड देणारं काहीच नसतं. म्हणजे पोरगं निष्काळजी नाही, ते आपल्या भाषेचा नियम इमानानं पाळतंय. मग दहा वेळा लिहून काय होणार? आणि निहाली किंवा कोरकू बोलणाऱ्या पोराची चूक हीच असते की दुसरी? असा एक प्रश्न, दोन मुलांच्या वहीतल्या दोन नोंदी आणि तुम्ही करून पाहिलेला एक उपाय, एवढ्यावर हेतुपत्राचं मधलं पान उभं राहतं. उपाय फसला असेल तरी लिहा. फसलेला उपाय नीट सांगता येणारा उमेदवार वाचणाऱ्याला जास्त भरवशाचा वाटतो.

या विषयातला एक गाजलेला प्रयोग भारतातल्या साध्या शाळांतच झाला, हे उमेदवारांना ठाऊक नसतं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरु, मद्रास, कडलूर भागातल्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली : नकाशा वाचा, वेळापत्रक पाहून गाडी निवडा, हिशोब लावा. अर्थ लावता लावता भाषा येते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ १९८७ मध्ये आलं आणि आज जगभर या विषयाच्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख असतो. आपल्याकडे असं काम आयतंच पडलेलं आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं एका ओळीत, आणि जलंबहून खामगावचा फाटा. मलकापूरहून निघून खामगावच्या आजीकडे दुपारच्या जेवणाला पोचायचं, तर कोणती गाडी धराल? आठवीच्या वर्गात हे विचारून पाहा आणि काय होतं ते लिहून ठेवा. प्रभूंचं नाव हेतुपत्रात टाकायचं, तर अशा अनुभवाला जोडून टाका. नुसतं नाव शोभेला नको.

बाकीच्या गोष्टी उरकतो. इंग्लंडचा एम.ए. बहुधा एका वर्षाचा असतो. तिथे काही ठिकाणी अनुभवी शिक्षकांचा आणि नवख्यांचा अभ्यासक्रम वेगळा असतो. आपण कशात बसतो ते आधी पाहावं. अमेरिकेत अनेक विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी म्हणजे १५ होतात, पण अमरावतीचा एम.ए. हाती असेल तर ही अडचण सहसा राहत नाही. आयेल्ट्सचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे उत्साहाच्या भरात आधी परीक्षा देऊन बसू नये. आणि वऱ्हाडी हेल घालवायला क्लास लावू नका. बोलणं स्पष्ट कळलं पाहिजे. हेल कुठला आहे याचे गुण कापले जात नाहीत.

शिफारसपत्राबद्दल मात्र कडक बोलावं लागेल. आपल्याकडे सर मोठ्या मनानं लिहून देतात : विद्यार्थी कष्टाळू, प्रामाणिक, वर्तणूक चांगली. हा झाला शाळा सोडल्याचा दाखला. सरांकडे जाताना आपल्या पाठाची टाचणं, मुलांच्या दोन-चार वह्यांच्या प्रती आणि हेतुपत्राचा मसुदा घेऊन जा. ‘सर, तुम्ही माझा पाठ पाहिला होता, त्याबद्दल लिहाल का?’ एवढं विचारा. मुख्याध्यापिका बाईंनी तासाला बसून पाहिलेलं चार ओळींत लिहिलं, तर ते प्राचार्यांच्या सहीच्या गोडगोड पानापेक्षा वजनदार ठरतं. फक्त वेळ द्या. परीक्षांच्या दिवसांत कुणालाही पत्रासाठी गाठू नका.

पैशांचं थोडक्यात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दर वर्षी ७५ जागा, पदव्युत्तरसाठी वयाची मर्यादा ३५. विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत वरच्या स्थानावर लागतं. ती रेषा कुठे आहे हे चालू वर्षाच्या जाहिरातीतच पाहावं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग सर्वांना खुली आहे, पण पदवीनंतर दोन वर्षांचं काम लागतं आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टपासून घेतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत लिहू म्हणणाऱ्याची बहुधा वेळ टळलेली असते. दोन्हीकडे शिष्यवृत्तीचा अर्ज आणि विद्यापीठाचा अर्ज हे वेगळे. एक झाला म्हणजे दुसरा झाला असं नाही.

पुढच्या लेखांकात अमरावतीहून ट्रान्स्क्रिप्ट कसं काढायचं, आणि गुणपत्रिकेवरचं नाव पासपोर्टशी जुळत नसेल तर काय करायचं, ते पाहू.