पाण्याखालची बांधाबांध

घरात मासे पाळायचे ठरले की सारे लक्ष माशांच्या रंगाकडे लागते. सोनेरी घ्यावेत की काळे, शेपटी केवढी असावी, याचीच चर्चा. टाकीसोबत येणाऱ्या इतर वस्तू, म्हणजे हवेचा पंप, गाळणी, हीटर, दगड, लाकडाचा ओंडका, या कुठे बसवायच्या आणि कशाने पक्क्या करायच्या, याचा विचार मागाहून होतो. पुष्कळदा होतच नाही. माझेही तसेच झाले.

मानोऱ्याला आमच्या घरी दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच अशी काचेची टाकी आहे. माझ्या मुलीने तीत काळ्या दगडांची एक सुरेख गुहा रचली होती. आधी आम्ही बारीक खडी पसरली आणि तिच्यावर दगड ठेवले. सोनेरी माशाला खडी उकरून खाणे शोधण्याची सवय असते. महिनाभर तो त्या गुहेच्या बुडाशी उकरत राहिला. एके सकाळी पाहतो तो वरचा दगड खाली आलेला आणि मासा त्याच्याखाली दबलेला! दोष माशाचा नव्हता, दगडाचाही नव्हता. दगड आधी आणि खडी नंतर, हा साधा क्रम मी उलटा केला होता. मुलीला त्या दिवशी काय सांगावे हे मला सुचले नाही. तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, पाण्यात वस्तूचे वजन घटते. विहिरीतून घागर ओढताना हा अनुभव आपल्याला येतोच. पाण्यात असेपर्यंत ती हलकी वाटते, बाहेर आली की हाताला ओढ बसते. आपल्याकडचा काळा दगड पाण्याच्या सुमारे तिप्पट जड असतो. म्हणजे तीन किलोचा दगड पाण्यात दोन किलोच भरतो. लाकूड तर तरंगायलाच पाहते. बाहेर घट्ट बसलेली वस्तू पाण्यात सहज हलते, ती यामुळे.

म्हणून दगड थेट टाकीच्या तळावर टेकवावेत. काचेला ओरखडा पडू नये म्हणून खाली प्लॅस्टिकचा पातळ तुकडा घालावा, आणि मग भोवती खडी भरावी. दगडावर दगड रचायचा असेल, तर दोहोंमध्ये सिलिकोनचा सांधा द्यावा. हे सिलिकोन म्हणजे काचेची टाकी जोडतात तेच. मात्र ते बुरशीनाशक औषध न घातलेले, शुद्ध हवे. न्हाणीघराच्या फरशांसाठी मिळते त्यात पुष्कळदा असे औषध असते, आणि ते माशांना विष ठरते. सांधा कोरड्या जागी भरावा, एक-दोन दिवस वाळू द्यावा आणि व्हिनेगरसारखा वास पुरता गेला म्हणजेच पाणी घालावे. घाई करू नये.

दगड कोणता निवडावा? आपला काळा पाषाण उत्तम. तो पाण्यात विरघळत नाही. शहाबादी फरशी मात्र चुनखडीची असते. ती हळूहळू विरघळून पाणी जड करते, आणि आपल्याकडचे विहिरीचे, बोअरचे पाणी बहुधा आधीच जड. शंका आली तर दगडावर लिंबाचे चार थेंब पिळून पाहा. फेस आला तर चुना आहे असे समजा. काळ्या दगडातही कधी पांढरे खडे अडकलेले असतात. तेही असेच तपासावेत.

लाकडाचा ओंडका कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवावा, म्हणजे पाणी पिऊन तो जड होतो. तरीही तरंगत असेल तर सपाट काळ्या दगडाला नायलॉनच्या दोऱ्याने बांधावा. तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली तार मुळीच वापरू नये; त्या धातूंचा अंश पाण्यात उतरतो आणि माशांना बाधतो. जावा फर्नसारखी वनस्पती ओंडक्यावर लावायची तर साधा सुती दोरा पुरे. तो काही दिवसांनी कुजतो खरा, पण तोवर मुळांनी लाकूड धरलेले असते.

आता रबरी वाट्यांकडे वळू. दुकानदार यांना सक्शन कप म्हणतात. या चिकटतात कशा? डिंक तर नसतो! वाटी काचेवर दाबली की आतले पाणी बाहेर जाते, आणि बाहेरचा दाब तिला काचेशी धरून ठेवतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो असतो, तो या कामी येतो. पण वाटीच्या कडेखाली शेवाळाचा बुळबुळीत थर असला, क्षाराची पांढरी खपली बसली किंवा रबर कडक झाले, की फटीतून पाणी आत शिरते आणि पकड सुटते. पाणी तापवायच्या हंड्याला आतून जी खपली धरते, तीच इथेही असते. वाटी लिंबाच्या पाण्यात भिजवून धुवावी, कोमट पाण्यात मऊ करावी, काचेची जागा बोटाने पुसावी, आणि मग दाबावी. कडक झालेली वाटी सरळ बदलावी.

हे सारे हीटरच्या बाबतीत तर जिवाशी येते. सोनेरी माशाला बहुधा हीटर लागतच नाही. पण उष्ण प्रदेशातले मासे असतील तर हिवाळ्यात तो लावावा लागतो. तो नेहमी दोन वाट्यांनी धरावा, म्हणजे एक सुटली तरी दुसरी सांभाळते. खडीला तो टेकू नये, आणि पाणी बदलण्याआधी बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. तापलेली काच पाण्याबाहेर आली आणि वर गार पाणी पडले, की ती तडकते.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. वीज गेली की नळीतून पाणी उलटे पंपात येऊ शकते; जागा नसेल तर नळीला एकाच दिशेने हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवावा. विजेच्या वायरला बटणाच्या बोर्डाआधी खाली झोळ द्यावा. वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकते, बोर्डापर्यंत पोचत नाही. आणि टाकीत हात घालताना आधी वीज बंद!

१९५१ साली मुंबईत समुद्राकाठी तारापोरवाला मत्स्यालय उघडले. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना तिथले मासे आठवत असतील. नळ्या आणि दगडांचे सांधे कुणाला आठवणार? चांगली बांधणी डोळ्यात भरत नाही, हेच तिचे लक्षण.

तेव्हा आठवड्यातून एकदा, पाणी बदलण्याच्या दिवशी, वीज बंद करून प्रत्येक वस्तू बोटाने हलकेच ढकलून पाहा. हलली तर त्याच वेळी पक्की करा. आमच्या घरी आता हे काम मुलीकडे आहे. माझ्या हातचे ती तपासून घेते, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.