बिल्ला गप्प का होतो?

इमारतीत कोण कोणत्या खोलीत आहे, हे कपड्यावरील बिल्ल्यावरून सांगणारी ‘ॲक्टिव्ह बॅज’ यंत्रणा केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ या काळात विकसित झाली. बिल्ला दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपला सांकेतिक क्रमांक पाठवी आणि खोलीतील सेन्सर तो टिपे. हे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत. म्हणूनच खोली ओळखता येते.

अशा यंत्रणेत संगणकाच्या पडद्यावरून एखादे नाव नाहीसे झाल्यास त्या कर्मचाऱ्याला गैरहजर ठरविण्यापूर्वी दोष शोधावा. तोच बिल्ला दुसऱ्या खोलीत न्यावा. तेथे तो दिसला, तर दोष पहिल्या खोलीत. कोठेच दिसला नाही, तर बिल्ल्यात.

बिल्ला प्रथम उजेडात धरावा. बॅटरी वाचावी म्हणून मूळ बिल्ला अंधारात आपोआप बंद होत असे. खिशात ठेवलेला बिल्ला त्यामुळे निकामी भासे. त्यानंतर बॅटरी बदलून पाहावी.

खोलीत सेन्सरवरील धूळ, सैल वायर आणि आड आलेले कपाट तपासावे. उन्हातही अवरक्त किरण असतात. त्यामुळे जळगावात मेहरूणलगतच्या औद्योगिक वसाहतीसारख्या, प्रखर उन्हाच्या ठिकाणी खिडकीचा पडदा ओढून पुन्हा चाचणी घ्यावी.

आगीच्या वेळी आत कोण अडकले आहे, हे याच यादीवरून ठरणार असेल, तर ही तपासणी नियमित हवी. बिल्ला गप्प आहे, याचा अर्थ माणूस आत नाही, असा होत नाही.