‘उशिरा चालेल’ म्हणून किती थांबायचे?

‘याचे अब्बाही उशिराच चालले होते, हाही चालेल.’ दादीने असे म्हटले की घर निर्धास्त होते. बहुतेक वेळा दादीचे खरेही ठरते. पण ज्या मुलाच्या बाबतीत ठरत नाही, त्याचे मोलाचे महिने वाट पाहण्यात जातात.

साधा हिशेब लक्षात ठेवा. चौथ्या महिन्यापर्यंत मान सावरावी, नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसावे, दीड वर्षापर्यंत स्वतः चालावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. काही खुणा दिसल्यास मात्र मुदतीचीही वाट पाहू नये. लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर जाणे, वर्षाच्या आतच एकाच हाताने सारे करणे, अंग फार ढिले असणे, किंवा येत असलेली हालचाल बंद होणे, या त्या खुणा.

फिजिओथेरपिस्ट आधी मुलाला खेळताना नुसते पाहतात. मग सांधे हळू आणि झटकन हलवून स्नायूंचा ताण तपासतात. कारण एकाच लक्षणामागे वेगवेगळी कारणे असतात. टाचा उचलून चालणे ही नुसती सवय असेल, मेंदूच्या इजेमुळे आलेला ताठरपणा असेल किंवा स्नायूंचा आजार. अम्मीशेजारी नमाजची नक्कल करणारा चार-पाच वर्षांचा मुलगा सजद्यातून उठताना हात मांड्यांवर टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उठत असेल, तर स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी. रक्ताच्या सीपीके तपासणीने पुढची दिशा कळते. अशा मुलाला दमवणारा व्यायाम अपाय करू शकतो. म्हणून निदानाआधी जोरकस मालिश, ओढाताण नको.

आपल्या भागात सिकलसेलही आढळतो. लहान मुलाचे हातपाय सुजून दुखत असतील, तर त्याची रक्ततपासणी करून घ्या.

तपासणीसाठी फार लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यातील पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मोफत तपासणी करतात. सालेकसा, देवरीच्या पालकांनी पथकाची तारीख अंगणवाडी ताईंना विचारावी. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

जाताना मुलाच्या चालण्या-उठण्याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात मूल रडले तरी डॉक्टरांना तो उपयोगी पडतो. दुआ करत राहा, पण दवेला उशीर करू नका.