हातचं काम सुटता सुटत नाही

अप्रेझलचा मोसम आला की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत आयटी कंपन्यांत बढत्यांची पत्रं निघतात. जो सगळ्यांत चांगला कोड लिहितो, क्लायंटचं अडलेलं काम रात्रीत मार्गी लावतो, त्याला टीम लीड करायचं, हा जणू अलिखित नियमच. घरी पेढे येतात. पण ज्या कामामुळे बढती मिळाली, तेच आता बाजूला ठेवायचं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

माणूस न झेपणाऱ्या पायरीपर्यंत चढत राहतो, असा सिद्धांत लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मध्ये थट्टेच्या सुरात मांडला होता. बेन्सन, ली आणि श्यू या अभ्यासकांनी १३१ अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री विभागांची आकडेवारी तपासून २०१९ मध्ये त्याला दुजोरा दिला. विक्रीत पुढे असणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती. पण मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी सरासरीने खालावलेली दिसली.

नव्या टीम लीडचं गणित चुकतं ते बहुधा एकाच ठिकाणी. ज्युनिअर एखाद्या बगवर दोन तास अडकला की याचे हात शिवशिवतात. ‘सरक, मी करतो,’ म्हणत तो वीस मिनिटांत बग काढतो. रिलीज वेळेवर जातं, पण ज्युनिअर काहीच शिकत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात उभा राहतो. सहा जणांची टीम एकाच्याच वेगाने चालू लागते.

मग सगळं सोपवून मोकळं व्हायचं का? इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांनी ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या १९८३ च्या पुस्तकात चांगली कसोटी दिली आहे. किती लक्ष घालायचं हे माणसाच्या हुद्द्यावर नव्हे, तर त्या विशिष्ट कामातल्या त्याच्या अनुभवावर ठरवावं. डेटाबेसमध्ये मुरलेल्या इंजिनिअरच्या पाठीशी उभं राहून क्वेरी वाचू नये. पण तोच क्लायंटशी पहिल्यांदा बोलणार असेल, तर आदल्या दिवशी त्याच्यासोबत बसून तयारी करून घ्यावी. अशा वेळी दर आठवड्याची वन-ऑन-वन बैठक उपयोगी पडते, मात्र तिथे कामाचा हिशेब मागण्यापेक्षा अडचणी ऐकायच्या असतात.

गुगलने २००९ च्या सुमारास आपल्या चांगल्या मॅनेजरांचे आठ गुण शोधले. त्यांत माणसं घडवण्याची हातोटी पहिली आली, तांत्रिक कौशल्य शेवटचं. म्हणजे कोड कळायला हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही.

आणि हे काम मनापासून आवडत नसेल तर? मोठ्या कंपन्यांत आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी तांत्रिक वाट असते. पण नातेवाईक विचारतात, ‘हाताखाली किती माणसं?’ आणि बऱ्याच ठिकाणी पगाराचा तक्ताही तेच विचारतो. दोन्ही वाटांवर पैसा आणि मान सारखा असेल, तरच मॅनेजर व्हायचं की नाही, हे माणसाला मोकळेपणाने ठरवता येईल.