माशांच्या पेटींतील पाणी गढूळ कां राहतें ?

लोणंदच्या पेठेंत व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरही अलीकडे माशांच्या कांचेच्या पेट्या दिसूं लागल्या आहेत. मुलानातवंडांच्या हौसेनें पेटी घरांत येते, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोंच पाणी पातळ ताकासारखें पांढुरकें होतें. मग घरधनी सर्व पाणी ओतून टाकतो, वाळू व कांच घासून धुतो आणि नवें पाणी भरतो. चार दिवसांनीं पाणी पुनः तसेंच. पुनः उपसा, पुनः भरणा, आणि मध्यंतरीं एकेक मासा उलटा तरंगूं लागतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं ह्या रीतीनें महिन्याभरांत सबंध पेटी रिकामी झाली, व दोष मात्र मासे विकणाऱ्यास मिळाला. आमचें म्हणणें असें कीं, पांढुरक्या पाण्यापेक्षां तें घालविण्याच्या अतिउत्साहानेंच मासे अधिक मरतात.

प्रथम गढूळपणाची जात ओळखावी. पीकपाहणी चावडींत बसून होत नाहीं, त्यासाठीं शिवारांत जावें लागतें, हें आम्हीं महसुली कारकुनींत पाहिलें. येथेंही तोच न्याय. स्वच्छ कांचेच्या पेल्यांत पेटींतील पाणी घेऊन पांढऱ्या कागदापुढें धरावें व पेला रात्रभर न हलवितां ठेवावा. सकाळीं तळाशीं गाळ बसून वरचें पाणी निवळलें, तर दोष मातीचा. हिरवी झांक असेल तर तें सूक्ष्म शेवाळ होय. गाळही नाहीं, हिरवेपणाही नाहीं, आणि पाणी दूध मिसळल्यासारखेंच आहे, तर तो जंतूंचा प्रताप समजावा. आपल्या काळ्या जमिनीचा गाळ मात्र अतिशय बारीक असतो. पावसाळ्यांत ओढ्याचें अथवा कालव्याचें पाणी भरलें असेल, तर तो एका रात्रींत बसणार नाहीं. परंतु त्याचा रंग मातकट असतो, दुधी नसतो, एवढ्यावरून फरक कळतो.

मातीच्या दोषावर उपाय सोपा आहे. वाळू घमेल्यांत घालून, निथळणारें पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी, मगच पेटींत पसरावी. व भरावयाचें पाणी आधीं पिंपांत निवळूं द्यावें. येथें पुष्कळांस तुरटीची आठवण होते. पिण्याच्या पाण्यास तुरटी ठीक. परंतु तिनें पाण्याचा क्षारपणा एकदम उतरतो, व तो धक्का माशांस सोसत नाहीं. निवळीचें बीं उगाळून टाकण्याची आपली जुनी चाल मोठी गुणकारी खरी, पण तें पेटींतच टाकल्यास त्याचा अंश कुजून जंतूंस आयतें खाद्य मिळतें, म्हणजे मातीचा गढूळपणा जाऊन दुधी गढूळपणा यावयाचा.

आतां ह्या दुधी गढूळपणाचें कारण पाहूं. माशांचें मलमूत्र व उरलेलें खाद्य ह्यांपासून पाण्यांत अमोनिया होतो. अमोनियम सल्फेट जमिनींत टाकिल्यावर त्याचें हळूहळू नायट्रेट बनतें, हें शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. हें काम जमिनींतील कांहीं विशिष्ट जंतु करितात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की ह्यांनीं १८९० च्या सुमारास तें सिद्ध केलें. तशाच प्रकारचे जंतु माशांच्या पेटींतही अमोनियाचें नायट्राइट व नायट्राइटचें नायट्रेट करीत असतात. पहिले दोन पदार्थ माशांस विषारी आहेत. तिसरा त्या मानानें निरुपद्रवी. हे उपकारक जंतु वाळूस, कांचेस व फिल्टरच्या स्पंजास चिकटून राहतात आणि पाणी मुळींच गढूळ करीत नाहींत.

गढूळपणा आणणारे ते दुसरे, कुजविणारे जंतु. खाद्य मिळालें कीं ते तासाभराच्या आंत दुप्पट होतात. उलट उपकारक जंतूंस दुप्पट होण्यास जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून नव्या पेटींत प्रथम कुजविणारे माजतात. खाद्य संपलें कीं ते आपोआप ओसरतात व आठपंधरा दिवसांत पाणी निवळतें. उपकारक जंतूंचा जम बसण्यास मात्र चार ते सहा आठवडे हवेत. सर्व पाणी ओतून, वाळू व स्पंज नळाखालीं धुणारा मनुष्य हे गडी दर खेपेस हांकलून देतो. कुजविणारे लगेच परततात, आणि सहा आठवड्यांची मोजणी पुनः पहिल्या दिवसापासून सुरू होते.

आपल्या भागांत एक धोका अधिक आहे. काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी बहुधा अल्कधर्मी असतें. पाण्याची उष्णता २५ अंश सेल्सिअस व पी. एच. ७ असतां एकंदर अमोनियापैकीं शेंकडा अर्ध्याहून किंचित् अधिक भाग विषारी रूपांत असतो, पी. एच. ८ असतां तोच शेंकडा पांचांवर जातो. नुकतीच धुतलेली पेटी विहिरीच्या पाण्यानें भरून तींत दहाबारा मासे सोडले असतां काय होईल, तें ह्यावरून ध्यानांत यावें.

तेव्हां पाणी दुधी दिसतांच पहिलें काम म्हणजे खाद्य तोडणें. दोन दिवस खाद्य न दिल्यानें मोठ्या माशांस अपाय होत नाहीं. पुढेंही दोनतीन मिनिटांत संपेल इतकेंच, दिवसांतून एकदां घालावें. मुलांस चिमटीचें माप शिकवावें, मूठ नव्हे. हवेचा पंप चालू ठेवावा, कारण हे जंतु पाण्यांतील प्राणवायु खातात. आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावें. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें, म्हणजे १४ लिटर, साधारण एक बादली, पुरे. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असल्यास तें उघड्या तोंडाच्या भांड्यांत एक दिवस ठेवून मग वापरावें. स्पंज फार तुंबला तर पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत दोनदां पिळून परत बसवावा. पाणी कधीं बदललें, खाद्य किती घातलें, मासा कधीं मेला, ह्याची तारीखवार नोंद ठेवल्यास चूक कोठें होते तें महिन्याभरांत दिसतें.

हिरव्या पाण्यास ऊन कारण. पेटी खिडकींतून हलवावी, तीनचार दिवस जाड कापडानें झांकावी, पंप चालू असावा.

शेततळ्यांत रोहू-कटला सोडणाऱ्यांनीं मात्र हा शेवटचा उपाय तेथें लावूं नये. तळ्यांतील थोडा हिरवेपणा हेंच माशांच्या खाद्याचें मूळ होय. हात कोपरापर्यंत बुडवून पाहावा. तळवा दिसेनासा झाला तर शेण टाकणें थांबवावें. अशा दाट हिरव्या तळ्यांत रात्रीं प्राणवायु संपत जातो, आणि पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. तसें दिसतांच विहिरीचा पंप चालू करून पाणी उंचावरून तळ्यांत पाडावें व त्या दिवशीं खाद्य घालूं नये.