स्मृतिभ्रंश आणि हाताची स्मृती : गोल्फच्या एका निरीक्षणावरून खानदेशापुरता विचार

वार्धक्यातील विस्मरणाला ‘म्हातारचळ’ म्हणून किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण उच्चारून निकालात काढण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा वयाचा अपरिहार्य परिणाम नव्हे. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांतून उद्भवणारा तो एक लक्षणसमूह होय. त्या विकारांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या रोगाचे वर्णन आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष, इतके अंदाजण्यात आले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले. जळगाव व धुळे या कृषिप्रधान जिल्ह्यांच्या दृष्टीने ही गोष्ट विचारार्ह आहे. अल्झायमरचा रोग समूळ बरा करणारे औषध अद्यापि उपलब्ध नाही. तेव्हा रुग्णाजवळ जे शिल्लक आहे त्याचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न सहजच पुढे येतो.

हे ‘शिल्लक’ म्हणजे काय, ते समजण्यासाठी स्मृती ही एकजिनसी शक्ती नाही हे ध्यानात घेतले पाहिजे. १९५३ साली अमेरिकेत एका तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नवीन प्रसंग लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती जवळजवळ नष्ट झाली. तथापि ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून आकृती गिरविण्यास शिकविले, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्याला आठवण नसे. प्रसंगांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती यांची स्थाने भिन्न आहेत, या सिद्धान्ताला येथून बळकटी आली.

याच भेदाचे प्रत्यक्ष जीवनातील उदाहरण डॅनियल शॅक्टर यांनी १९८३ साली गोल्फच्या मैदानावरून नोंदविले. अल्झायमरच्या प्रारंभिक अवस्थेतील एका जुन्या खेळाडूबरोबर ते स्वतः खेळले. त्या गृहस्थाला खेळाचे नियम व परिभाषा अवगत होती आणि कोणत्या अंतराला कोणती काठी घ्यावी हे तो अचूक जाणत होता. परंतु आपण चेंडू टोलविल्यावर सोबत्याचा टोला होईपर्यंत थांबावे लागले, की आपला चेंडू कोठे गेला हे तो विसरून जाई. तत्काळ चालू लागला तर तोच चेंडू त्याला सापडे. हात जाणत होता, नियम ठाऊक होते. क्षणापूर्वीचा प्रसंग तेवढा निसटत होता.

पुढे ब्रिटनमध्ये या विकाराच्या रुग्णांसाठी गोल्फचे उपक्रम सुरू झाले. त्यांत रुग्ण काही तास परिचित खेळ खेळतो, मोकळ्या हवेत चालतो, बरोबरीच्या माणसांत वावरतो. आणि तेवढा वेळ त्याची पत्नी किंवा कन्या विसावा घेते. रोग हटतो असा येथे दावा नाही. परंतु दिवसभर ‘चुकणारा’ ठरलेला मनुष्य काही काळ ‘जाणणारा’ ठरतो, हा लाभ सामान्य म्हणता येणार नाही.

हा उपक्रम जसाच्या तसा खानदेशात आणावा असे कोणी म्हणणार नाही. ज्याने उभ्या आयुष्यात गोल्फची काठी हाती धरली नाही, त्याच्या हाताला तिची स्मृती कोठून असणार? अनुकरण करावयाचे ते तत्त्वाचे. येथील हातांना कापूस वेचणे, वाती वळणे, बिबडे थापणे, खापरावरची पुरणपोळी हातावर मोठी करणे ठाऊक आहे. अनेक वृद्धांना विटीदांडूचा टोला ठाऊक आहे. आखाजीच्या झोक्यावरील व कानबाईच्या उत्सवातील अहिराणी गाणी तर चाल, शब्द आणि अंगाची लय यांनी एकत्र बांधलेली असतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरातील व शेतातील कामांच्या सोबतीने जन्मली. काम आणि शब्द यांची अशी जोड ज्या समाजात होती, तेथे जात्याच्या खुंट्याला हात लागताच ओवीचा आरंभ ओठांवर येणे संभवते. बालपणीची बोली पुष्कळदा उशिरा शिकलेल्या भाषेपेक्षा अधिक काळ टिकते. म्हणून रुग्णाशी अहिराणीत वा लेवा बोलीत बोलणे हेही शुश्रूषेचेच अंग समजावे.

शुश्रूषा करणाऱ्यांचा प्रश्न येथे अधिक बिकट आहे. मुले पुण्यास वा सुरतेस नोकरीसाठी गेलेली, आणि घरी वृद्ध पतीचा सांभाळ करणारी वृद्ध पत्नी, हे दृश्य अनेक गावांत दिसते. रुग्णाला शहरातील सदनिकेत नेले, तर ओटा, विहीर, शेताची वाट या परिचित खुणा तुटतात आणि गोंधळ वाढू शकतो. गावी ठेवले, तर सर्व भार एकाच व्यक्तीवर, बहुधा स्त्रीवर, पडतो. आठवड्यातून दोन सकाळी देवळाच्या ओसरीवर वा शाळेच्या आवारात चार रुग्ण एकत्र बसले आणि दोन जाणत्या व्यक्तींनी त्यांच्याकडे लक्ष दिले, तर त्या स्त्रीला तेवढी मोकळीक मिळेल. यास लागणारा खर्च अल्प आहे. आवश्यक आहे ती नियमितता.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. प्रथम वैद्यकीय तपासणी व्हावी. कारण बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीची मंदता व औदासीन्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपाय आहेत. विस्तव, विळी व उडती विटी यांपासून रुग्णास जपावे. येथील उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांवर जाते. तेव्हा बाहेरचा कार्यक्रम सकाळी लवकर आटोपावा व पाणी वारंवार द्यावे. आणि मुख्य म्हणजे उपक्रमाची परीक्षा होऊ देऊ नये. ‘सांगा पाहू, मी कोण?’ हा घरोघरी प्रेमाने विचारला जाणारा प्रश्न रुग्णाच्या नेमक्या दुबळ्या जागी बोट ठेवतो. त्याऐवजी हाती कापूस द्यावा व शेजारी बसून स्वतःही वात वळू लागावे.

मानसशास्त्र, समाजशास्त्र व लोकसाहित्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना येथे संयुक्त कार्याला वाव आहे. रुग्णाच्या तारुण्यातील व्यवसाय, खेळ, गाणी व बोली यांची नोंद कुटुंबीयांच्या संमतीने करावी; त्यांतून निवडलेल्या कृतीच्या वेळी त्याची अस्वस्थता, बोलणे व सहभाग कसा बदलतो हे पाहावे; आणि शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची झोप व थकवा यांचेही मापन तितक्याच काटेकोरपणे करावे. ज्यांच्या हातांना जाते व झोका ठाऊक आहे ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्या हातांना काय आठवते हे विचारण्याचा अवधी फार नाही.